काठी कोणाच्या दारात

(देवणी येथे झालेल्या कार्यकर्ता बैठकीत, किनवट-माहूरच्या डोंगरातून आलेल्या गावकऱ्यांसमोर देवणीच्या एका साथीने केलेले भाषण. बोलले तसे उतरवून घेतले आहे. मधली चर्चा जागेअभावी गाळली. ग्रामसभेत वाचून दाखवावे.)



सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्या एका बाईनं मला विचारलं, "भाऊ, तुमचं जंगल कोणीकडं हाय?" मी आधी हसलो. मग लाज वाटली. कारण दाखवायला जंगलच नाही. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल शंभरात एक भागसुद्धा नाही. तुम्ही येताना बघितलं असेल, नजर जाईल तिथवर काळं रान, सोयाबीनची धसकटं, बांधावर चार बाभळी, आणि पाणी असेल तिथं ऊस. असा बिनजंगलाच्या गावचा माणूस तुम्हाला जंगलाबद्दल काय सांगणार? जंगल कसं राखायचं ते मी सांगू शकत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एवढंच सांगू शकतो की हातातली वस्तू जाते कशी. चोर न येता, दरोडा न पडता, आपल्याच हातानं कशी जाते, ते आम्ही बघितलंय.

तुमचं आमचं नातं तसं जुनं आहे. निजामाच्या राज्यात आपण एकत्रच होतो. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं आणि देवणी बिदर जिल्ह्यात. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली, तेव्हा आपण मराठी मुलखात आलो. तुमच्या डोंगराच्या पलीकडं, आसिफाबादच्या बाजूला कुमराम भीमानं जल, जंगल, जमीन म्हणत लढा दिला आणि १९४० साली जोडेघाटला तो मारला गेला. ते तीन शब्द आज सगळ्या देशातल्या चळवळी बोलतात. पण त्यातलं जल आणि जमीन आमच्याकडंही होतं, आणि जंगलाच्या जागी आमच्याकडं गायरान होतं. त्याचं पुढं काय झालं, ते ऐका.

देवणी म्हणलं की आजही लोक गाय-बैलच आठवतात. देवणी जात. कोणी तिला डोंगरपट्टीही म्हणतात. तिच्यात तीन रंग. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. पांढऱ्या अंगावर पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके, तो बालंक्या. सगळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे-ठिपके, तो शेवरा. गाय दूध देती आणि बैल काळ्या चिकणमातीत नांगर ओढतो, म्हणजे दोन्ही कामाची जात. ही जात कोण्या कॉलेजानं काढलेली नाही. कॉलेज उदगीरला पुष्कळ नंतर आलं. ही जात या भागातल्या शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केली, आणि ती गायरानाच्या गवतावर वाढली. गायरान नसतं तर देवणी नसती.

आता गायरान गेलं कुठं? गावात विचारा, पहिलं उत्तर एकच येतं, की दलितांनी, पारध्यांनी, भूमिहीनांनी अतिक्रमण केलं. मी हे लहानपणापासून ऐकतोय. भूमिहीनांनी गायरान कसलं हे खरं आहे, आणि त्यासाठी मराठवाड्यात लढे झाले. दादासाहेब गायकवाडांपासूनचा तो लढा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ साली त्याच लढ्यानं काढायला लावला. ज्याच्याकडं वीतभर जमीन नाही त्यानं दोन एकर पोटापुरतं कसलं. पण गायरानाच्या कडेला ज्यांची मोठी रानं आहेत, त्यांचे बांध दरवर्षी एक-एक तास पुढं सरकले, ते कोणी मोजलं? शाळा, गोदाम, वसाहत, आता सौरऊर्जेच्या काचा, सगळ्यांना जागा गायरानातच सापडते. यात भूमिहीनाचं अतिक्रमण तेवढं डोळ्यात येतं, कारण त्यानं तिथं झोपडी टाकलेली असते. सरकणाऱ्या बांधावर झोपडी नसते.

पण मला सांगायचं आहे ते वळूचं. पूर्वी गावात एक वळू देवाच्या नावानं सोडलेला असायचा. तो कोणाचाही नसायचा आणि सगळ्यांचा असायचा. कोणाच्याही रानात शिरून चार घास खाल्ले तर त्याला कोणी काठी मारत नव्हतं. मग पुढं काय झालं? चांगला गोऱ्हा जन्मला की मालक हिशेब करायचा. वळू म्हणून ठेवला तर खायला घालायचं मी आणि गाई फळायच्या गावाच्या. खच्ची करून बैल केला तर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात चांगला पैसा. शिवाय गावात दुसरा कोणी वळू ठेवीलच की! असं मी म्हणलं, शेजाऱ्यानं म्हणलं, त्याच्या शेजाऱ्यानं म्हणलं. सगळ्यात देखणा गोऱ्हा सगळ्यात आधी खच्ची झाला, कारण त्यालाच किंमत जास्त. एक दिवस गाय माजावर आली आणि गावात दाखवायला देवणी वळूच नाही. मग ट्रॅक्टर आला, चारा महागला, २०१५ च्या कायद्यानं म्हातारा बैल विकणंही बंद झालं. ही कारणं खरी आहेत, मी नाकारत नाही. पण ती सगळी येण्याआधी वळू गेलेला होता. तो सरकारनं नेला नाही, कंपनीनं नेला नाही. "दुसरा कोणी ठेवील" या तीन शब्दांनी तो गेला.

अजूनही काही घरांनी देवणी जपलीय, उद्या सकाळी दोन गोठे दाखवतो. पण गावचा म्हणून वळू आता नाही.

आता पाण्याकडं येतो. २०१६ चा उन्हाळा तुम्ही पेपरात वाचला असेल. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, म्हणजे टाकीजवळ पाचापेक्षा जास्त माणसं जमली तर गुन्हा. आणि त्याच दिवसांत भिंतीभिंतींवर रंगवलं होतं, "पाणी जपून वापरा." कोणाला सांगत होते? जी बाई दोन घागरींसाठी रात्री दोनला उठून नंबर लावती, तिला! तिनं काय कमी करायचं? धुण्याचं पाणी भांड्याला, भांड्याचं झाडाला, हे तिला भिंतीवरून शिकायचं होतं का? ज्वारी चार महिन्यांत घरात येते. ऊस बारा-चौदा महिने रानात उभा राहून पाणी पितो. ज्याच्या दहा एकरात ऊस उभा होता त्याच्या बांधावर मी तरी तसली पाटी बघितली नाही.

म्हणून "निसर्ग जपणं ही प्रत्येकाची जबाबदारी" असं कोणी स्टेजवरून म्हणलं की माझं डोकं फिरतं. प्रत्येकाची म्हणजे कोणाची किती? जो हंड्यानं घेतो त्याची आणि जो मोटारीनं उपसतो त्याची सारखीच? वाटणी न करता जबाबदारी सगळ्यांची म्हणणं म्हणजे ती गरिबाच्या गळ्यात टाकणं. हे आपण चळवळीत नेहमी बोलतो, आणि बरोबर बोलतो.

आणि बोलून इथंच थांबतो. मीही कैक वर्षं इथंच थांबत होतो. मोर्चात मोठ्या बागायतदाराच्या नावानं घोषणा देऊन घरी यायचो. मग २०१५ च्या उन्हाळ्यात मी स्वतः काय केलं ते सांगतो. आमची साडेचार एकर जमीन. वडिलांच्या हातची विहीर आटली. मी बोअर घ्यायचं ठरवलं. पहिलं पाचशे चाळीस फुटांवर कोरडं गेलं, नुसता फुफाटा. कर्ज काढून दुसरं मारलं, त्याला सहाशे दहावर पाणी लागलं. गाडीसमोर नारळ फोडला. तुम्हाला सांगतो, महाराष्ट्रात भूजलाचा कायदा आहे, २००९ चा, लागू झाला २०१४ च्या जूनमध्ये. शेतीसाठी साठ मीटरच्या खाली जाऊ नये असं त्यात आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. मी तिप्पट खाली गेलो. गाडीवाल्यानं विचारलं नाही, गावात कोणी विचारलं नाही, आणि मला तर माहीत असून मी स्वतःला विचारलं नाही. जमीन माझी, कर्ज माझं, मग खालचं पाणीही माझंच!

शेजारी एका काकूंची विहीर होती, जुनी, दगडानं बांधलेली. एकटीच बाई, दीड एकर रान, विहिरीवर थोडी मेथी-कोथिंबीर करून बाजारात विकायची. त्या विहिरीचा तळ कुठल्याच उन्हाळ्यात उघडा पडला नव्हता, असं गाव म्हणायचं. माझं बोअर चालू झालं आणि पुढच्या महिना-दीड महिन्यात तळ दिसायला लागला. माझ्याच बोअरनं झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आजूबाजूला आणखी पाच-सहा बोअर झाली होती. मीही काकूंना तेच सांगितलं, की पाऊसच नाही, सगळीकडंच आटलंय. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणल्या, "पाणी तुझं न्हाई बाबा, अन्‌ माझंबी न्हाई. पर मी पोहऱ्यानं काढत होते."

पोहऱ्यानं काढणाऱ्याला विहीर स्वतःच थांबवते. पाणी खाली गेलं की दोर पुरत नाही, हात दुखतात, माणूस थांबतो. मोटारीचे हात दुखत नाहीत. ती थांबवायची तर बटणावर बोट ठेवणाऱ्या माणसानंच थांबवावी लागते. माझं बोअर दीड वर्षात आटलं. कर्ज पुढं चार वर्षं फेडलं. काकूंनी रान बटईनं दिलं आणि त्या लेकीकडं गेल्या.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण तुमच्या हातात आता पोहरा राहिला नाही, बटण आलंय. वनहक्क कायदा २००६ साली झाला, २००८ पासून लागू झाला. त्याआधी जंगलात तुम्ही चोर होता. वाळलेल्या काटकीची मोळीसुद्धा गार्डच्या मर्जीनं. ज्याचा हक्कच नाही त्याला जबाबदारी विचारता येत नाही. घरगड्याला वाड्याचं छप्पर का गळतं म्हणून विचारतात का? पण आता ज्या गावांना सामूहिक हक्काचा दाखला मिळाला, त्या गावांचं तसं राहिलं नाही. कायद्याची सुरुवातच वाचा. त्यात लिहिलंय की या हक्कांमध्ये जंगलाचा टिकाऊ वापर करण्याची आणि जैवविविधता राखण्याची जबाबदारी आणि अधिकार दोन्ही धरलेले आहेत. आपण मोर्चात फक्त "अधिकार" वाचला. कलम पाच बघा. जंगल, वन्यप्राणी, पाण्याचे उगम राखायची सत्ता ग्रामसभेला आणि हक्कधारकाला दिलीय. हक्कधारक म्हणजे नुसती ग्रामसभा नाही, ज्याच्या नावाचा पट्टा आहे तो माणूस. आणि पट्टा नवरा-बायकोच्या जोडनावानं असतो, म्हणून ती बाईसुद्धा. पट्टा विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, लेकराला मात्र वारसानं जातो. कायदा करणाऱ्यांनी तो विकायचा माल केला नाही, यामागं काहीतरी विचार असणार.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे, ती नीट ऐका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला होता, की ज्यांचे दावे फेटाळलेत त्यांना जंगलातून काढा. देशभरातली लाखो कुटुंबं त्यात येत होती. ठिकठिकाणी आंदोलनं झाली, केंद्र सरकार पुन्हा कोर्टात गेलं आणि २८ फेब्रुवारीला तो आदेश थांबवला. ती केस आणणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? की आदिवासींना जंगल दिलं तर जंगल उरणार नाही. हे म्हणणं खोटं आहे हे आपण भाषणात सांगू शकतो. पण त्यांच्याकडं उपग्रहाचे फोटो असतात. तुमच्या डोंगरावर यंदा किती हिरवं आहे आणि पाच वर्षांमागं किती होतं, हे ते दिल्लीत बसून बघतात. त्या फोटोत कोणी खाणवाल्यानं तोडलं, कोणी ठेकेदारानं आग लावली, कोणी आपल्या भावानं नवं रान काढलं, हे लिहिलेलं नसतं. फोटोत नुसता मातीचा रंग दिसतो.

तर आता तुमच्याच गावातलं बोलतो. राग आला तर जेवताना भांडा माझ्याशी.

मोहाचं घ्या. फाल्गुन-चैत्रात फुलं पडायला लागली की झाडाखालचा पाला जाळतात. फुलं स्वच्छ जमिनीवर दिसतात, वेचायला सोपी, साप-विंचवाची भीती नाही. बाईला पहाटे अंधारात वेचायचं असतं, तिला हे सोपं पडतं, मला समजतं. पण काडी लावून माणूस घरी येतो आणि आग तिथं थांबत नाही. वाऱ्यावर सगळा उतार चाटून जाते. त्यात चारोळीची, आवळ्याची, मोहाची रोपं जातात, तितर-लाव्यांची अंडी जातात, गुरांचं गवत जातं. पहिल्या पावसात उघडी माती ओढ्यात येते. काल रात्री मी तुमच्यातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, तुमच्या शिवारात मोहाची झाडं किती? म्हणाले, लई. मग विचारलं, दहा वर्षांच्या आतलं झाड कोणी दाखवता का? दोघंही गप्प. सगळी झाडं त्यांच्या आज्याच्या वयाची! म्हणजे ज्या झाडाची फुलं वेचायला आग लावतो, त्याच झाडाची पोरं त्या आगीत दरवर्षी मरतात. आमच्या वळूसारखंच झालं की हे. झाडं आहेत म्हणून कोणाला कळत नाही, आणि ज्या वर्षी कळेल त्या वर्षी रोप लावलं तरी फूल बघायला नातू लागेल.

न जाळता वेचता येतं का? येतं. झाडाच्या घेरापुरता पाला खराट्यानं झाडून बाजूला ढीग करा. किंवा खाली जुनी लुगडी जोडून पसरा. जाळी पसरली तर फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहतं आणि भावही बरा मिळतो. तासभराचं जास्तीचं काम आहे. आता हे काम बाईच्या अंगावर पडणार आणि गावसभेत ठराव पुरुष करणार, असं होत असेल तर तो ठराव चालणार नाही हेही सांगून ठेवतो. झाडायला नवऱ्यानंही उठावं. तेंदूच्या वेळेला आग लावतात ती ठेकेदाराच्या माणसाच्या सांगण्यावरून, कोवळं पान फुटावं म्हणून. झुडपं छाटली तरी पालवी फुटते. छाटणीची मजुरी वाचवायला तो काडी तुमच्या हातात देतो.

चारोळीचं आणखी वाईट. ती पिकायच्या आधीच हिरवी ओरबाडतात, कोणी तर फांदीच खाली पाडतं. का? विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी ठेवली तर दुसरा नेईल." आणि तो खोटं बोलत नाही, दुसरा नेतोच! म्हणून एकट्यानं चांगलं वागून भागत नाही. एकटा चांगला वागला तर तो फक्त उपाशी राहतो. तुमच्या वाडवडिलांना हे माहीत होतं. नवं खाण्याचा सण होऊन देवाला दाखवल्याशिवाय नवं फळ तोंडात घालायचं नाही, असा तुमच्यात नेम आहे ना? नेम सगळ्यांना सारखा असला की कोणाला घाई करावी लागत नाही. ग्रामसभेनं तोडायची तारीख ठरवली तर तोच नेम कागदावर येतो. मात्र तारखेच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन कोण जातं, ते ग्रामसभेला दिसत नाही. ते ज्याचं त्यालाच माहीत.

आणि सगळ्यात कडू गोष्ट. कायद्यात तारीख आहे, १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी ज्याच्या ताब्यात जमीन होती त्याचा दावा. काही जण अजूनही दरवर्षी दोन तास नवं रान काढतात, की उद्या तारीख वाढेल. तारीख वाढली नाही. पण त्या नव्या तोडीचा फोटो जोडून खऱ्या जुन्या दाव्यावर शेरा मारायला साहेबाला मात्र कारण मिळतं. म्हणजे एका भावानं सागाची चार झाडं पाडली आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा तीस वर्षांचा वहिवाटीचा दावा अडकला. तो म्हातारा कोणाकडं दाद मागणार? फॉरेस्टवाल्याकडं? आपल्या माणसाचं नाव आपण त्याला सांगायचं नाही, हे बरोबर. पण मग ग्रामसभेत तरी सांगा. तिथंही सांगत नाही. सोयरा असतो, भावकी असते.

आता दुसऱ्या गावांनी काय केलं ते थोडक्यात. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, गोंडांचं गाव. "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. २००९ साली त्यांना अठराशे हेक्टरच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. देवाजी तोफा आणि त्यांच्या साथींचं हे काम. पण लोक एक गोष्ट विसरतात. हक्क मिळायच्या कैक वर्षं आधीपासून ते गाव जंगल राखत होतं, मोहोळ काढताना माश्या मारायच्या नाहीत असल्या गोष्टींचाही अभ्यास करत होतं. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. त्याला वेळ लागतो, लोक कंटाळतात. पण "मी हात वर केला नव्हता, मला लागू नाही" असं म्हणायला मग कोणाला जागा राहत नाही.

नगरकडचं हिवरे बाजार तुम्हाला माहीत असेल. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि शेतीला बोअर घ्यायचं नाही. त्या बोअरच्या नेमाबद्दल मी त्या गावाला हात जोडतो, आमच्या गावाला तो सुचला असता तर काकूंची विहीर राहिली असती. पण चराईबंदी जशीच्या तशी उचलू नका. चराई बंद केली की ज्याच्या रानात चारा आहे त्याचं काही अडत नाही. ज्याच्याकडं चार शेळ्याच आहेत त्याच्या शेळ्या बाजारात जातात. बंदी करायची तर आधी त्याच्या शेळ्यांना कुठला उतार मोकळा ठेवायचा ते ठरवा, मग बाकीचा बंद करा.

आणि एक पद्धत मला फार आवडली, ओडिशातल्या गावांची. तिला ठेंगापाळी म्हणतात. ठेंगा म्हणजे काठी, आणि पाळी म्हणजे आपली पाळीच. ज्या घराची जंगल राखायची पाळी, त्याच्या दारात काठी ठेवलेली असते. त्या घरातल्या माणसानं ती काठी घेऊन जंगलात फेरी मारायची आणि संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची. पगार नाही, वर्दी नाही. काठी दारात दिसली की पाळी कोणाची यावर वाद नाही, "दुसरा कोणी जाईल" म्हणायला सोय नाही. गावानं रोज जायचं म्हणलं तर कोणीच जात नाही. तुझ्या दारात काठी आहे म्हणलं तर जावं लागतं.

तुमच्याकडं चालेल का, मला माहीत नाही. रोजगाराला बाहेर गेलेल्या घराचं काय, एकट्या म्हातारीच्या घराचं काय, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. आमच्या काकूंसारखी बाई असेल तर तिच्या दारात काठी न ठेवता तिच्याकडून सल्ला घ्या, एवढं मात्र मी सांगेन. आणि पाळीला गेलेल्यानं एकट्यानं तोडीवाल्या टोळीला अडवायला जाऊ नये. बघायचं, परत यायचं, ग्रामसभेत सांगायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून जायचं.

होळीला आता थोडेच दिवस राहिलेत. मोह पडायला लागायच्या आत ग्रामसभा घ्या. विषय दोनच ठेवा, आग आणि चारोळीची तारीख. दहा विषय घेतले तर एकही होत नाही, हा आमचा अनुभव आहे. मोहाच्या वाटणीवर कोणाचं झाड कुठलं हे गावाला माहीतच असतं. त्या झाडाच्या घेरात आग दिसली तर त्या घरानं ग्रामसभेत उभं राहून सांगायचं, एवढं वहीत लिहून घ्या. दंड ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा.

काठीची सुरुवात कोणाच्या दारातून करायची, हा प्रश्न नक्की येईल. वनहक्क समितीच्या अध्यक्षाच्या दारातून करा. दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडं गावात सगळ्यात जास्त जमीन आणि सगळ्यात जास्त गुरं आहेत त्याच्या. तिथून पुढं ओळीनं. मी माझ्याकडून बोअरवर काँक्रीटचं झाकण टाकलंय, आणि विहिरीत पाऊसपाणी सोडायला बांधाकडून चारी काढतोय, यंदाच्या मिरगाच्या आत पुरी करायचीय. तुमच्यातल्या कोणाला जाताना बघायची असेल तर एसटी स्टँडकडं जायच्या वाटेवरच रान आहे.